एकाच तुरुंगात दोन कायदे? कैद्यांच्या 'विशेष सवलती' कोणाला मिळतात आणि आपल्या मुलांना काय मिळू शकते

विरार पूर्वेला फुलपाड्यात, पापडखिंड धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे आमची वस्ती. रविवारची सामूहिक वंदना झाली, चहा झाला, माणसे पांगली. एक मावशी मात्र विहाराच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांचा धाकटा मुलगा आठ महिन्यांपासून ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. घरफोडीचा आरोप आहे, पहिलीच केस आहे. त्यांनी विचारले, "भाऊ, तो संजय दत्त शिक्षा झालेली असताना घरी येत होता. माझ्या पोराला तर अजून शिक्षाच झालेली नाही. मग त्याला चार दिवस घरी का पाठवत नाहीत?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. आपल्या वस्तीतल्या बऱ्याच घरांत त्या अशाच मिसळलेल्या असतात, म्हणून हा लेख. तुरुंगात काही जणांना खास वागणूक मिळते, हे सगळ्यांना माहीत असते. त्यातली कायद्याने दिलेली कोणती, पैशाने मिळणारी कोणती, आणि जी खास वाटते पण खरे तर सगळ्यांचीच असते अशी कोणती, हे मात्र कोणी समजावून सांगत नाही.

आधी मावशींच्या प्रश्नाचे उत्तर देतो. कारागृहात मुख्यतः दोन प्रकारचे बंदी असतात. खटला संपून शिक्षा झालेले ते सिद्धदोष बंदी. खटला अजून चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही ते न्यायाधीन बंदी, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'कच्चे कैदी'. पॅरोल आणि फर्लो, सरकारी मराठीत अभिवचन रजा आणि संचित रजा, या फक्त शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. आपल्या राज्यात त्यासाठी १९५९ चे मुंबई फर्लो आणि पॅरोल नियम आहेत. त्यांत अनेकदा दुरुस्त्या झाल्या, पण गाभा तोच आहे. संचित रजा ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर आणि वागणूक चांगली असल्यावर मिळते. अभिवचन रजा कारणासाठी मिळते: जवळच्या माणसाचा मृत्यू, गंभीर आजार, मुला-मुलीचे किंवा भावंडाचे लग्न. कच्च्या कैद्याला यातले काहीच लागू नाही. त्याला बाहेर यायचे तर न्यायालयाकडून जामीन घ्यावा लागतो, फार तर थोड्या दिवसांचा अंतरिम जामीन.

म्हणजे ज्याचा गुन्हा सिद्ध झाला त्याला रजा आहे आणि ज्याचा झाला नाही त्याला नाही. मावशींना हे पटले नाही. मलाही ते पटवून सांगता आले नाही, कारण पटण्यासारखे त्यात फारसे नाही. कागदावरचा तर्क असा की कच्चा कैदी तुरुंगात असायलाच नको, त्याला जामीन मिळाला पाहिजे, म्हणून रजेचा प्रश्नच येत नाही. प्रत्यक्षात काय आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांतली ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. चारांत तीन. त्यांत अनुसूचित जातींच्या माणसांचे प्रमाण सुमारे पाचांत एक, तर देशाच्या लोकसंख्येत ते २०११ च्या जनगणनेप्रमाणे १६.६ टक्के. आदिवासी आणि मुस्लिम यांचीही गोष्ट अशीच आहे.

संजय दत्तच्या रजेचे काय?

मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रास्त्र कायद्याखाली त्याचा दोष कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांची केली. मे महिन्यात तो शरण आला आणि पुढे येरवड्यात गेला. पहिल्या वर्षभरातच संचित रजा आणि तिची मुदतवाढ, मग अभिवचन रजा आणि तिची दोनदा मुदतवाढ, असे मिळून ११८ दिवस तो बाहेर होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिक्षेत सूट मिळून तो मुदतीआधी सुटला. यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. सरकारने कागदपत्रे ठेवली, सगळे नियमात बसवून दाखवले आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्यात बेकायदा काही आढळले नाही असे म्हटले.

इथे थोडे थांबून बघावे. नियम मोडला गेला असता तर गोष्ट सोपी होती. तो मोडला गेला नाही. तोच नियम इतर हजारो शिक्षा झालेल्यांसाठीही होता. फरक पडतो तो अर्ज कोण लिहितो, वैद्यकीय कागद किती लवकर जमतात, पोलिसांचा अहवाल किती दिवसांत येतो आणि जामीनदार म्हणून उभे राहायला कोण आहे, यात. गावाकडे घर नाही, इथली खोली भाड्याची, भाऊ रोजंदारीवर, अशा माणसाचा रजेचा अर्ज पोलीस अहवालातच अडकतो. संचित रजा हा पूर्ण हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच नियमांबद्दल सांगितलेले आहे. देणे न देणे अधिकाऱ्याच्या हातात. आणि जिथे गोष्ट अधिकाऱ्याच्या हातात असते तिथे आपला माणूस रांगेत मागे असतो, हे सांगायला कोणा विद्वानाची गरज नाही.

'वर्ग' आला कुठून

तुरुंगातल्या माणसांची प्रतवारी इंग्रजांच्या काळातली आहे. १८९४ चा तुरुंग कायदा त्यांनीच केला. सुरुवातीला भेद उघड होता: युरोपियन कैद्यांना वेगळे जेवण, वेगळी जागा, देशी कैद्यांना वेगळी. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी याविरुद्ध उपोषण केले. राजकीय कैद्यांना युरोपियन कैद्यांसारखे जेवण मिळावे, वाचायला पुस्तके मिळावीत, सक्तीची कामे नकोत, अशा मागण्या होत्या. जतींद्रनाथ दास यांचा ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी मृत्यू झाला. देश हादरला. सरकारला काहीतरी करणे भाग पडले आणि १९३० च्या सुरुवातीला अ, ब आणि क असे तीन वर्ग आले.

आता हे वर्ग कशावरून ठरले ते पाहा. उपोषण करणाऱ्यांची मागणी होती की गुन्ह्यामागचा हेतू बघा. सरकारने पाहिले ते माणसाचे सामाजिक स्थान, त्याचे शिक्षण आणि त्याच्या राहणीची सवय. बाहेर ज्याला चांगल्या राहणीची सवय आहे त्याला आतही थोडे चांगले मिळावे, बाकी सगळे 'क' वर्गात. या मोजपट्टीत माणूस काय करतो याच्याइतकेच तो कुठे जन्मला हेही मोजले जाते. ज्या समाजाला शाळेत बाहेर बसवले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्याच्या राहणीची सवय काय असणार? गावकुसाबाहेरचा माणूस या हिशेबात 'क' वर्गातच जन्माला येतो.

राजकीय कैद्यांबाबतही दर्जा पाहूनच सोयी ठरत. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेले. तिथे त्यांना वाचायला पुस्तके मिळाली, लिहिता आले, 'गीतारहस्य' तिथेच लिहून झाले, आणि स्वयंपाकासाठी ब्राह्मण कैदी देण्यात आला. यात टिळकांचा दोष काढायचा नाही. सरकारनेच तुरुंगातही चूल जातीवर ठेवली होती, एवढे लक्षात घ्यावे. ती चूल पुढे २०२४ पर्यंत पेटती राहिली. तिच्याकडे येतोच.

आपल्या समाजाला येरवडा म्हटले की पुणे करार आठवतो. गांधीजी जानेवारी १९३२ पासून तिथे होते, पण त्यांच्यावर खटला चालला नव्हता. १८२७ च्या एका जुन्या मुंबई रेग्युलेशनखाली त्यांना 'राजबंदी' म्हणून ठेवले होते. २० सप्टेंबरला स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध त्यांचे उपोषण सुरू झाले तेव्हा सरकारने भेटीगाठींची मोकळीक दिली. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली नेते जमले, बाबासाहेबांना वाटाघाटींसाठी तिथेच जावे लागले आणि २४ सप्टेंबरला करार झाला. एका कैद्याच्या खाटेभोवती देशाचे राजकारण फिरत होते आणि त्याची किंमत कोणी मोजली ते आपण जाणतोच. पुढे नोव्हेंबरपासून अस्पृश्यतेसंबंधीचे काम तुरुंगातून करायला त्यांना परवानगी मिळाली. १९३३ च्या फेब्रुवारीत 'हरिजन' साप्ताहिक निघाले तेव्हाही ते आतच होते.

आता याच माणसाची पुढची गोष्ट. ऑगस्ट १९३३ मध्ये गांधीजींना पुन्हा अटक झाली, पण या वेळी खटला चालून एक वर्षाची शिक्षा झाली. येरवडा तोच आणि कैदीही तोच, तरी आता ते 'शिक्षा झालेले कैदी' होते आणि सरकारने आधीच्या सवलती पूर्वीसारख्या द्यायला नकार दिला. त्यांनी पुन्हा उपोषण केले, प्रकृती ढासळली आणि २३ ऑगस्टला सरकारने त्यांना सोडून दिले. कागदावरचा एक शब्द बदलला की आतले जग कसे बदलते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? मावशींच्या मुलाच्या कागदावर कोणता शब्द आहे, हे म्हणूनच महत्त्वाचे.

स्वातंत्र्यानंतर

देश स्वतंत्र झाला, संविधान आले, पण १८९४ चा कायदा राहिला आणि वर्गांची कल्पनाही वेगवेगळ्या राज्यांच्या नियमांत राहिली. कुठे अ-ब-क, कुठे पहिला आणि दुसरा वर्ग, कुठे 'विशेष वर्ग'.

त्यातला एक भेद १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडला. पंजाबच्या पोलीस नियमांत लिहिले होते की न्यायालयात नेताना साध्या कच्च्या कैद्याला बेड्या घालाव्यात, 'वरच्या वर्गा'च्या कैद्याला मात्र घालू नयेत. प्रेमशंकर शुक्ल यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठाने विचारले की श्रीमंत माणूस पळून जाण्याची शक्यता गरिबापेक्षा कमी असते, हे कशावरून? हा भेद समतेच्या कलम १४ मध्ये बसत नाही असे ठरले. बेडी घालायची तर त्या माणसाबद्दल ठोस कारण हवे, त्याच्या घराण्याबद्दल नव्हे.

खरा मोठा निकाल आला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, आणि त्याची याचिका आपल्या शेजारच्या कल्याणच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी केली होती. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी तुरुंगांच्या नियमपुस्तिका वाचून एक वृत्तमालिकेतला लेख लिहिला. वाचून विश्वास बसू नये अशा ओळी त्या पुस्तिकांत होत्या. राजस्थानच्या नियमांत स्वयंपाकी ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू असावा. पश्चिम बंगालच्या नियमांत झाडूकाम मेहतर, हाडी, चांडाल अशा जातींतून. उत्तर प्रदेशात साधी कैद झालेल्या माणसाला हलकी कामे देऊ नयेत, अपवाद फक्त ज्याचा समाज ती कामे करत आलेला आहे त्याचा. तमिळनाडूत पाळयमकोट्टैच्या तुरुंगात वेगवेगळ्या जातींचे कैदी वेगवेगळ्या भागांत.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने १४८ पानांच्या निकालात असे सगळे नियम घटनाबाह्य ठरवले. कलम १४ आणि १५ तर लागलेच, अस्पृश्यता बंद करणारे कलम १७ आणि सक्तीच्या श्रमाला मनाई करणारे कलम २३ ही लागले. निकालात बाबासाहेबांचे जातीविषयीचे विचार आधाराला घेतलेले आहेत. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, तीन महिन्यांत नियम दुरुस्त करा, असा आदेश सगळ्या राज्यांना दिला गेला. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी यात आणखी महत्त्वाचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः चोर ठरवले, त्यांना १९५२ नंतरही तुरुंगाच्या पुस्तिकांत 'सराईत' म्हणून वेगळे काढले जात होते. न्यायालयाने सांगितले की सराईत गुन्हेगार कोण हे फक्त त्यासंबंधीचा कायदा ठरवील, जमात नव्हे.

या निकालाकडे आपण सहसा अपमानाच्या बाजूने पाहतो, की आपल्या माणसाला झाडू दिला. दुसरी बाजूही आहे. ज्याला झाडूतून सूट मिळाली त्याच्यासाठी ती सवलत होती, आणि कोणीही अर्ज न करता ती त्याला मिळत होती. एका जातीची सवलत म्हणजे दुसऱ्या जातीचे काम.

जातीची बाजू अशी निकालात निघाली. दर्जाच्या बाजूला, म्हणजे शिक्षण आणि राहणीमान बघून वर्ग देण्याच्या पद्धतीला, या निकालाने थेट हात घातलेला नाही. केंद्राच्या २०१६ च्या नमुना तुरुंग नियमावलीत सामाजिक-आर्थिक स्थिती, जात किंवा वर्ग यांवरून कैद्यांचे वर्गीकरण करू नये असे म्हटलेले आहे. पण ती नमुना आहे आणि तुरुंग हा राज्यांचा विषय आहे.

नियमात नसलेली सवलत

पुस्तकातले वर्ग गेले तरी पैशाचा वर्ग राहतोच. १८९४ च्या कायद्याचे कलम ३१ बघा. कच्च्या कैद्याला स्वतःच्या खर्चाने बाहेरून जेवण, कपडे, अंथरूण घेता येते, तपासणी आणि नियम यांच्या अधीन राहून. हे सगळ्यांसाठी लिहिलेले आहे. पण फुलपाड्यातून ठाण्याला डबा पोचवायचा म्हणजे पहाटेची लोकल, दादरला बदल, पुन्हा ठाण्याची गाडी, आणि त्या दिवसाची मजुरी गेली. ज्याचा ड्रायव्हर डबा नेतो त्याच्यासाठी कलम ३१ सवलत आहे, मावशींसाठी ती छापील ओळ आहे. कॅन्टीनचेही तसेच. घरून मनीऑर्डर आली तर बिस्किटे, साबण, फरसाण मिळते, नाही आली तर सरकारी जेवण आहेच.

गर्दीचा विचार करा. ठाण्याचे कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. याच किल्ल्यातून १८१६ मध्ये पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे पळाले होते. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी कळत नव्हते आणि मोतद्दार गाणी म्हणत निरोप पोचवत होता, असे सांगतात. आज त्याची अधिकृत क्षमता १,१०५ आहे आणि आत माणसे त्याच्या कितीतरी पट. अशा ठिकाणी पाय पसरून झोपण्याइतकी जागा हीसुद्धा सवलत होऊन बसते, आणि तिचीही किंमत लागते.

कैद्यांवर देखरेख ठेवायला कैद्यांतूनच वॉर्डर नेमण्याची पद्धतही जुनीच. त्यांना थोडे अधिकार, थोड्या सोयी. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून २०१७ मध्ये मंजुळा शेट्ये यांचा मृत्यू झाला. त्या अशाच वॉर्डर होत्या. शिधावाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले म्हणून त्यांना मारहाण झाली, असा आरोप ठेवून सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला भरला गेला. दोन अंडी आणि पाच पाव. तुरुंगात सवलतीचा हिशेब किती बारीक असतो ते यावरून कळावे.

उलट टोकही आपण पाहिले आहे. कन्नड अभिनेता दर्शन बंगळूरूच्या तुरुंगात खुर्चीवर बसून कॉफी आणि सिगारेट घेत असल्याचा फोटो ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा जामीन रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अशी पंचतारांकित वागणूक पुन्हा दिसली तर आधी तुरुंग अधीक्षकाला निलंबित करू. आणि त्याच देशात, आपल्या नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात, ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी होते. कंपवाताने हात थरथरत, पेला धरता येत नव्हता. त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाकडे पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेला उत्तर द्यायला वीस दिवसांची मुदत मिळाली. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहत ते वांद्र्याच्या रुग्णालयात गेले. गौतम नवलखा यांचा चष्मा तुरुंगात हरवला, घरच्यांनी पाठवलेला नवा चष्मा परत गेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. प्रा. आनंद तेलतुंबडे यांना तर १४ एप्रिलला, २०२० च्या भीमजयंतीला, शरण जावे लागले आणि ते सुटले २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी. अशा तारखा कोणी ठरवून जुळवत नसेल, पण आपल्याला त्या विसरता येत नाहीत.

ही सगळी शिकलेली, नाव असलेली माणसे. त्यांच्या स्ट्रॉची आणि चष्म्याची बातमी झाली. बराकीत ज्याचा चष्मा फुटला आणि ज्याच्यासाठी कोणी अर्ज केला नाही, त्याची नाही झाली.

मग आपल्या हातात काय?

मावशींना मी विचारले, जामीन झाला का? त्या म्हणाल्या, "झाला ना! दोन महिने झाले. पण जामीनदार पाहिजे म्हणाले. पंधरा हजारांचा. आमच्याकडे कोण आहे?"

खरी गाठ इथे होती. मुलाला न्यायालयाने जामीन दिलेला होता आणि तरी तो आत होता. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, तो तहसीलदाराकडून काढायचा, त्यासाठी मालमत्तेचा कागद लागतो. आपल्या वसई-विरारच्या चाळींत कितीतरी खोल्या नोटरीच्या कागदावर घेतलेल्या, नोंदणीच नाही. माणूस वीस वर्षे राहतो, पण त्याची ऐपत शून्य.

हे नवे नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. त्याने भावाला उभे केले तर मॅजिस्ट्रेटने भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला आणि मालमत्ताही तिकडचीच म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगितले की गरिबाला न पेलणारी रक्कम मागणे म्हणजे जामीन नाकारणेच आहे, आणि माणसाच्या स्वतःच्या बंधपत्रावरही त्याला सोडता येते.

३१ जानेवारी २०२३ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने याबाबत स्पष्ट सूचनाच दिल्या. जामीन मंजूर झाल्याची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात गेली पाहिजे. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आणि त्यांनी मदत करायची. जामीनदार देता न आल्याने महिना गेला, तर संबंधित न्यायालय स्वतःहून ते प्रकरण हाती घेऊन अट सैल करता येईल का ते पाहू शकते. जामीनदार स्थानिकच असावा, हा हट्टही न्यायालयांनी धरू नये. मावशींच्या मुलाचे दोन महिने झाले होते. म्हणजे अट बदलून मागण्याचा अर्ज महिन्यापूर्वीच व्हायला हवा होता. कोणी सांगितले नाही, इतकेच.

वकिलाच्या फीची चिंता बरेच जण आधी करतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांनाही. वसईला तालुका विधी सेवा समिती आहे, देशभर चालणारा १५१०० हा फोन नंबर आहे. मोफतचा वकील नीट लढत नाही अशी तक्रार मी खूप ऐकतो आणि काही वेळा ती खरीही असते. पण जामिनाची अट बदलायच्या अर्जासाठी मोठा वकील लागत नाही.

पैशाचीच अडचण असेल तर २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे. २०२३ च्या मूळ नियमांत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत होती, जिल्ह्यातल्या समितीमार्फत. युएपीए, अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार अशा कायद्यांखालच्या आरोपींना ती नाही.

आणि ज्यांना जामीनच मिळालेला नाही त्यांच्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ लक्षात ठेवा. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. ज्याला याआधी कधीच शिक्षा झालेली नाही, असा कच्चा कैदी त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला तर त्याला बंधपत्रावर सोडायचे. बाकीच्यांसाठी अर्धा काळ. घरात शिरून चोरीला कमाल सात वर्षे, म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याचे दोन वर्षे चार महिने. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे एक वर्ष. हा अर्ज तुरुंग अधीक्षकानेच न्यायालयाकडे करायचा, असे कायदा म्हणतो. जुन्या प्रकरणांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणे चालू असतील तरी नाही. ही शेवटची अट फार वाईट आहे. आपल्या पोरांवर एका केसला चिकटून दुसरी केस कशी येते, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आणखी एक. अटकेनंतर आरोपपत्र ६० दिवसांत, मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दाखल झाले नाही, तर जामिनाचा हक्कच तयार होतो. पण तो मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी अर्ज केला नाही आणि बासष्टाव्या दिवशी आरोपपत्र आले, तर हक्क गेला. म्हणून अटकेची तारीख, पहिल्यांदा न्यायालयात हजर केल्याची तारीख, गुन्हा नोंदणी क्रमांक आणि लावलेली कलमे, हे चार तपशील घरात एका वहीत लिहून ठेवायचे. वही नसेल तर पंचांगाच्या कॅलेंडरवर लिहा, पण लिहा.

मावशींकडे यातले काहीच नव्हते. फोनमध्ये वकिलाने पाठवलेला एक फोटो होता, तिरपा काढलेला, त्यात केस नंबर अर्धा कापला गेला होता. वस्तीतल्या एका कॉलेजच्या मुलीने ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मुलाचे नाव टाकून नंबर शोधून दिला आणि जामिनाच्या आदेशाची प्रतही. सोमवारी त्या वसईला गेल्या. विधी सेवा समितीतून वकील मिळाला, अट बदलून बंधपत्रावर किंवा कमी रकमेच्या रोख जामिनावर सोडावे असा अर्ज तयार झाला. पुढच्या गुरुवारी तारीख आहे. काल रात्री त्यांचा फोन आला होता, रेशनकार्ड मूळ न्यायचे की झेरॉक्स चालेल, म्हणून. दोन्ही न्या, असे सांगितले.